कोल्ड स्टोरेजचं तापमान फोनवरून विचारायचं असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तासगाव भागात बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. चार चेंबर, प्रत्येकात डीएस१८बी२० जातीचे तीन तापमान सेन्सर. ईएसपी३२ या छोट्या वायफाय बोर्डवरून दर दहा सेकंदांनी तापमान एमक्यूटीटी या निरोप-पद्धतीने ऑफिसातल्या रास्पबेरी पाय या लहान संगणकाकडे (पुढे नुसतं ‘पाय’) येतं आणि टेलिग्राफ या नोंदी गोळा करणाऱ्या प्रोग्राममार्फत इन्फ्लक्सडीबी १.८ (पुढे ‘इन्फ्लक्स’) या वेळेनुसार नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये साठतं. आलेख बघायला ग्राफाना लावलेलं आहे, पण सौद्याला उभं असताना फोनवर ते उघडेपर्यंत जीव जातो. म्हणून थेट डेटाबेसला विचारता येईल असं ओपन सोर्स ॲप हवंय. मुलाकडे आयफोन आहे, त्याचंही काय ते सांगा म्हणालात.

नुसतं नाव हवं असेल तर अँड्रॉइडवर ‘एचटीटीपी शॉर्टकट्स’ घ्या. ठरलेली वेब-विनंती एका बटणावर पाठवणारं ॲप आहे, ओपन सोर्स आहे, एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या दुकानात मिळतं, जाहिराती नाहीत. पण ते टाकून थेट क्वेरी (डेटाबेसला विचारायचं वाक्य) लिहायला बसलात तर आठवड्याभरात ते बंद करून परत ग्राफानाकडे जाल असं मला वाटतं. तुमची खरी अडचण ॲपची नाहीच. फोनवर तुम्हाला तीन-चारच गोष्टी विचारायच्या आहेत आणि त्यांची उत्तरं दोन-चार ओळींत यायला हवीत. ती छाटणी डेटाबेसनेच करून पाठवली पाहिजे. हे जमलं की ॲप कुठलंही चालतं.

खास इन्फ्लक्ससाठी बनवलेली ॲप मी टाळतो, त्याचं कारणही सांगतो. इन्फ्लक्सडीबी मुळात साध्या वेब-विनंतीला उत्तर देतो. १.८ मध्ये पोर्ट ८०८६, पत्त्यापुढे ‘क्वेरी’ हा मार्ग, त्यात डेटाबेसचं नाव आणि इन्फ्लक्सक्यूएल या त्याच्या भाषेतलं वाक्य, एवढंच लागतं. पण दुसऱ्या आवृत्तीत फ्लक्स ही वेगळी भाषा आणि पासवर्डाच्या जागी टोकन आलं. तिसरीत फ्लक्स गेलं, एसक्यूएल आलं आणि पोर्टही ८१८१ झालं. एका आवृत्तीला बांधलेलं ॲप पुढच्या बदलात अडकतं. साधी वेब-विनंती पाठवणारं ॲप अडकत नाही, तुम्ही फक्त पत्ता आणि वाक्य बदलता. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीतही जुन्या ‘क्वेरी’ मार्गाने इन्फ्लक्सक्यूएल चालवायची सोय ठेवलेली आहे, त्यामुळे आज लिहिलेलं बरंचसं उद्याही चालेल. तुमच्या पायवर ३२ बिटची सिस्टीम असेल तर दुसरी आवृत्ती बसणारच नाही, तिला ६४ बिट लागते. १.८ नीट चालतंय तर घाईने बदलू नका.

पुढचं सगळं तीन गोष्टींवर अवलंबून आहे: तुमच्या ब्रॉडबँडला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे का, टेलिग्राफ टॅगमध्ये (प्रत्येक नोंदीला लावलेल्या ओळखचिठ्ठीत) काय काय भरतो, आणि हे आकडे तुमच्याशिवाय कोणी बघणार आहे का. मी धरून चाललोय की सार्वजनिक पत्ता नाही, ‘चेंबर’ आणि ‘सेन्सर’ असे दोन टॅग आहेत, आणि बघणारे तुम्ही, मुलगा आणि मॅनेजर.

आधी फोन डेटाबेसपर्यंत कुठल्या रस्त्याने पोचेल ते. राउटरवर ८०८६ उघडून ठेवू नका. १.८ मध्ये लॉगिन तपासणी सुरुवातीला बंद असते, म्हणजे पोर्ट सापडलेला कोणीही वाचू शकतो आणि पुसूही शकतो. १.७.६ च्या आधीच्या आवृत्त्यांत तर तपासणी चालू असूनही ती चुकवता येईल असं भगदाड होतं, म्हणून कुठे जुनं पॅकेज पडलंय का तेही बघून घ्या. आपल्याकडे बऱ्याच जोडण्यांवर पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो. तिथे राउटरवर पोर्ट उघडून तसाही उपयोग होत नाही, आणि सिमकार्डवरच्या राउटरचं तर बहुधा तसंच असतं.

अशा वेळी मी टेलस्केल लावतो, म्हणजे आपल्याच उपकरणांचं खासगी जाळं करणारी सोय. पायवर एकदा, फोनवर एकदा. दोन्हींना खासगी पत्ते मिळतात आणि फोन कुठल्याही नेटवर असला तरी पाय सापडतो. अँड्रॉइडचं त्यांचं ॲप ओपन सोर्स आहे, मधला समन्वयाचा सर्व्हर मात्र त्यांचा स्वतःचा आणि बंद आहे. तत्त्वाने तेही नको असेल तर त्या सर्व्हरच्या जागी चालणारं ओपन सोर्स हेडस्केल आहे, पण त्यासाठी बाहेर एक सर्व्हर भाड्याने घेऊन सांभाळावा लागतो. चार चेंबरसाठी मी तो व्याप करणार नाही. सार्वजनिक पत्ता असेल तर सरळ वायरगार्ड हे व्हीपीएन (खासगी जाळं), तो पूर्ण ओपन सोर्स आहे आणि फोनची बॅटरीही फार खात नाही.

खासगी जाळं झालं तरी लॉगिन चालू कराच. कॉन्फिग फाइलमध्ये ‘ऑथ-एनेबल्ड’ खरं करायच्या आधी ॲडमिन वापरकर्ता तयार करा आणि टेलिग्राफला त्याचं नाव-पासवर्ड द्या, नाहीतर तपासणी चालू होताच नोंदी यायच्या थांबतील. फोनसाठी वेगळा वापरकर्ता ठेवा, त्याला त्या एका डेटाबेसवर फक्त वाचायचा हक्क. फोन हरवतो, मॅनेजर बदलतो; तेव्हा तो एकच वापरकर्ता बदलला की भागतं.

आता क्वेरी. तुमच्या आकड्यांवरूनच हिशोब करू. दहा सेकंदाला एक म्हणजे एका सेन्सरच्या दिवसाला ८,६४० नोंदी. बारा सेन्सर, तीस दिवस: ३१ लाखांच्या वर. फोनचा पडदा आडवा साधारण हजारभर ठिपक्यांचा. महिन्याच्या कच्च्या नोंदी मागितल्या तर पाय घाम गाळणार, मोबाइल डेटा जाणार आणि शेवटी दिसणार त्यातलं फारसं काही नाहीच. अर्ध्या तासाचे गट केले तर महिन्याचे एका सेन्सरचे १,४४० बिंदू होतात. तेही बाजारात उभं राहून बघायला जास्तच आहेत, पण निदान पडद्याच्या आवाक्यात आहेत.

मी फोनवर तीनच शॉर्टकट ठेवायला सांगेन. क्वेरी शब्दांतच सांगतो, म्हणजे तुमच्या टॅगची नावं घालून लिहिता येतील.

पहिला, ‘आत्ता’. प्रत्येक चेंबर आणि सेन्सरची शेवटची नोंद: ‘लास्ट’, दोन्ही टॅगवर ‘ग्रुप बाय’. इथे एक अट विसरू नका, ‘वेळ गेल्या दहा मिनिटांतली’. ती नसेल तर मेलेल्या सेन्सरची मंगळवारची नोंदही ‘लास्ट’ म्हणून आनंदाने समोर येते, आणि ४ अंश बघून तुम्ही निर्धास्त राहता. अट घातली की बारा ओळी यायला हव्यात. अकरा आल्या तर एक सेन्सर गप्प आहे, हे मोजूनच कळतं. ‘लास्ट’ एकटं विचारलं तर त्या नोंदीची खरी वेळही सोबत येते. त्याच वाक्यात सरासरी वगैरे मिसळलं की ती वेळ जाते आणि गटाच्या सुरुवातीची वेळ येते. म्हणून हे वाक्य स्वतंत्रच राहू द्या.

दुसरा, ‘रात्र कशी गेली’. एक चेंबर निवडायचं आणि गेल्या चोवीस तासांचं ताशी कमाल व किमान मागायचं. चोवीस-पंचवीस ओळी, एका नजरेत बसतात. सरासरीवर विसंबू नका. डिफ्रॉस्ट झालं किंवा गाडी लागली म्हणून दार वीस मिनिटं उघडं राहिलं, तर ताशी सरासरी जेमतेम हलते. कमाल मात्र लगेच सांगते.

पण कमाल मागितली की डीएस१८बी२०ची एक जुनी खोड समोर येईल. या सेन्सरला वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं तर तो ८५ अंश सांगतो. ती त्याची जागं होतानाची ठरलेली किंमत आहे, तापमान नव्हे. आणि वायर सुटली की ईएसपी३२ वरची नेहमीची लायब्ररी उणे १२७ देते. पाच मिनिटांत तीस नोंदी येतात. त्यातल्या २९ चार अंशांच्या आणि एक ८५ ची असली तर सरासरी ६.७ होते. एक उणे १२७ असली तर सरासरी शून्याखाली जाते. लोडशेडिंगनंतर लाइट आली की बाराच्या बारा सेन्सर एकदम जागे होतात, त्यामुळे हे नेमकं तेव्हाच घडतं जेव्हा तुम्ही काळजीने फोन बघत असता. उत्तम म्हणजे ईएसपी३२ च्या प्रोग्राममध्येच या दोन किमती टाकून द्या. तोवर प्रत्येक क्वेरीत ‘उणे ३० ते ५०’ अशी अट ठेवा.

तिसरा शॉर्टकट माझा सगळ्यात आवडता: ‘आज मर्यादेबाहेर किती वेळ’. मध्यरात्रीपासून ठरलेल्या मर्यादेच्या वर किती नोंदी गेल्या ते ‘काउंट’ने विचारायचं, सेन्सरनिहाय. ९० नोंदी म्हणजे ९०० सेकंद, पंधरा मिनिटं. मालाचं नुकसान एखाद्या उंच टोकाने होत नाही, वर राहिलेल्या वेळाने होतं, आणि हा आकडा तेच मोजतो. अडचण एकच: एकही नोंद मर्यादेवर नसेल तर इन्फ्लक्स शून्य देत नाही, रिकामं उत्तर देतो. सेन्सर बंद असला तरी उत्तर रिकामंच. म्हणून अर्धविराम देऊन त्याच विनंतीत दुसरं वाक्य जोडा: आज एकूण नोंदी किती. दुपारी बाराला ती संख्या ४,३२० च्या आसपास असेल आणि पहिलं उत्तर रिकामं असेल तर सगळं ठीक. दोन्ही रिकामी असतील तर मॅनेजरला फोन लावा.

‘मध्यरात्रीपासून’ म्हटलं की वेळेचा घोळ आलाच. इन्फ्लक्स सगळं यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतो. दिवसाचे गट करायला सांगितले तर त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला उगवतो. तासाचे गटही आपल्या घड्याळात साडेदहा ते साडेअकरा असे पडतात, कारण आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. ऑपरेटरच्या वहीशी ताळा करायला गेलात की काहीच जुळत नाही. क्वेरीच्या शेवटी ‘टीझेड’ लावून कंसात आशिया-कोलकाता द्या, मग गट आपल्या घड्याळाप्रमाणे पडतात आणि उत्तरातली वेळही भारतीय येते. ‘वेळ अमुकनंतरची’ या अटीत तारीख हाताने घालणार असाल तर तिच्यापुढेही आपला फरक लिहा, किंवा सरळ ‘आत्तापासून चोवीस तास मागे’ असं म्हणा. मी यातला दुसरा पर्याय वापरतो.

याच ओघात पायच्या घड्याळाचंही बघा. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डवर बॅटरीचं घड्याळच नाही. वीज जाऊन आली आणि नेट यायला अर्धा तास लागला, तर तेवढ्या नोंदी जुन्या वेळेवर लिहिल्या जाण्याची शक्यता असते. त्या ‘गेल्या दहा मिनिटांत’ सापडत नाहीत आणि आधीच्या खऱ्या नोंदींत मिसळतात. डीएस३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावा, किंवा पायला आणि राउटरला मिळून एक लहान यूपीएस द्या. दोन्ही केलंत तर फारच छान. आणि मधली पोकळी भरायला ‘फिल प्रीव्हियस’ (आधीचीच किंमत पुढे ओढणं) कधीही वापरू नका. लाइट गेलेल्या दोन तासांत चेंबर ४ अंशांवर होतं असं ते छातीठोकपणे दाखवतं. नेमके तेच दोन तास आपल्याला माहीत नसतात.

इथवर थोडक्यात: खासगी जाळं, फक्त वाचणारा वापरकर्ता, तीन क्वेरी, प्रत्येकीत वेळेची आणि किमतीची अट, शेवटी आशिया-कोलकाता. हे सगळं आधी लॅपटॉपवर चालवून बघा. मगच फोन हातात घ्या.

फोनवर टाइप करणं हा वेगळाच वनवास आहे. इन्फ्लक्सक्यूएलमध्ये टॅगचं नाव दुहेरी अवतरणात आणि टॅगची किंमत एकेरी अवतरणात लागते. उलट केलंत तर बऱ्याचदा चूक दाखवत नाही, नुसतं रिकामं उत्तर देतो. आयफोनचा कीबोर्ड सरळ अवतरणांची वळणदार करतो, तीही चालत नाहीत. दोनदा स्पेस दाबली की पूर्णविराम येतो. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर आकडे देवनागरी उमटतात आणि डेटाबेसला ते आकडे वाटतच नाहीत. या उत्तरातले आकडेही कॉपी करून चिकटवू नका, म्हणजे झालं. त्यामुळे क्वेरी लॅपटॉपवर लिहायची आणि मजकूर फोनकडे पाठवायचा. फोनवर फक्त बटण.

एचटीटीपी शॉर्टकट्समध्ये प्रत्येक क्वेरीचं एक शॉर्टकट करा. पत्ता, डेटाबेसचं नाव आणि क्वेरी वेगवेगळ्या रकान्यांत भरा, म्हणजे स्पेस आणि अवतरणं पत्त्यात बसतील अशी बदलायचं काम ॲपच करेल. नाव-पासवर्ड बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये द्या, पत्त्यात लिहू नका. चेंबरसाठी पर्यायांची यादी असलेलं व्हेरिएबल करा, बटण दाबलं की ‘कुठलं चेंबर’ विचारेल. उत्तर मुळात जेसन या प्रोग्रामसाठीच्या रूपात येतं, कंसांचं जंगल असतं. ‘ॲक्सेप्ट’ हेडरमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या किमती) मागितलं तर साध्या ओळी येतात आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. अजून सुबक हवं असेल तर ॲपमध्ये उत्तरावर चार ओळींची जावास्क्रिप्ट चालवता येते. ‘चेंबर २: ४.१, ४.३, ४.०’ असं एका ओळीत दाखवा आणि शॉर्टकट होम स्क्रीनवर ठेवा. सगळे शॉर्टकट एक्स्पोर्ट करून मॅनेजरच्या फोनवर टाकता येतात. पासवर्ड मात्र त्याच्या फोनवर स्वतः टाइप करा.

दुसऱ्या एखाद्या ॲपने ‘क्लिअरटेक्स्ट’चं (कूटबद्ध नसल्याचं) कारण देऊन जोडणी नाकारली तर गोंधळू नका. अँड्रॉइड ९ पासून साध्या एचटीटीपीला ॲपने स्वतःहून परवानगी द्यावी लागते, नाहीतर सिस्टीमच अडवते. स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट लावून हे सुटेल असं वाटतं, पण अँड्रॉइड ७ पासून आपण फोनमध्ये घातलेली सर्टिफिकेट बहुतेक ॲप मानत नाहीत. टेलस्केल किंवा वायरगार्डच्या आत सगळं आधीच कूटबद्ध जातं, म्हणून त्यावरून साधं एचटीटीपी मला चालतं.

कमांड लाइनची सवय असेल तर टर्मक्स हे अँड्रॉइडवरचं टर्मिनल घ्या, त्यात कर्ल (वेब-विनंती पाठवायला) आणि जेक्यू (जेसन उत्तर छाटायला) टाका. माझा स्वतःचा फोन असाच आहे, पण मॅनेजरला हे द्यायला मी धजणार नाही. टर्मक्स आणि त्याचं विजेटचं जोड-ॲप दोन्ही एफ-ड्रॉइडवरूनच घ्या. वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतली तर सह्या जुळत नाहीत आणि ती एकत्र चालत नाहीत.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे इन्फ्लक्सऐवजी प्रोमिथियस हा तशाच कामाचा डेटाबेस असेल तर तेही असंच आहे: पोर्ट ९०९०, आत्ताच्या किमतीला एक मार्ग आणि कालावधीला दुसरा. एका मालिकेचे ११,००० पेक्षा जास्त बिंदू मागितले तर तो सरळ नकार देतो, आणि मुद्दाम बदललं नसेल तर पंधरा दिवसांपलीकडचं ठेवत नाही. व्हिक्टोरियामेट्रिक्स या तशाच डेटाबेसला त्याच क्वेरी पोर्ट ८४२८ वर चालतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. धोक्याची सूचना फोनवरच्या क्वेरीवर सोपवू नका. ‘दर पाच मिनिटांनी ॲपच विचारेल’ असं लावता येतं, पण अँड्रॉइड ६ पासून फोन झोपला की मागे चालणारी कामं लांबणीवर पडतात, आणि काही कंपन्यांचे फोन तर ॲप मारूनच टाकतात. तपासणी पायवरच करा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून) तीच तिसरी क्वेरी चालवा आणि मर्यादा ओलांडली की एनटीएफवाय या सूचना-सेवेने फोनवर सूचना पाठवा. एनटीएफवायचं ॲपही ओपन सोर्स आहे. पाठवायच्या विषयाचं नाव सहज ओळखता येणार नाही असं ठेवा, कारण त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर नाव माहीत असलेला कोणीही तो विषय वाचू शकतो. पाय स्वतःच बंद पडला तर अर्थातच सूचना येणार नाही. त्यासाठी वीज गेली की एसएमएस पाठवणारा बॅटरीवरचा साधा जीएसएम अलार्म पॅनेलजवळ बसवा. त्याचा डेटाबेसशी काही संबंध नसणं हाच त्याचा फायदा.

आयफोनचं सोपं आहे. मुलगा तुमच्यासारखा चेंबरनिहाय विचारणार नसेल तर त्याला ग्राफानाचंच एक वेगळं पान करून द्या: चार मोठे आकडे, आलेख एकही नाही, आपोआप ताजं होणं बंद. तुमचं पान जड होतं ते बहुधा बारा आलेख कच्च्या नोंदी ओढतात म्हणून; आकड्यांचं पान सफारीत चटकन उघडेल. थेट क्वेरीच हवी असेल तर ए-शेल नावाचं ओपन सोर्स टर्मिनल ॲप स्टोअरवर आहे, त्यात कर्ल येतं. जाळ्यासाठी टेलस्केल किंवा वायरगार्ड आयफोनवरही चालतं. वळणदार अवतरणं मात्र सेटिंगमधल्या कीबोर्डच्या पानावर ‘स्मार्ट पंक्चुएशन’ बंद केल्याशिवाय जाणार नाहीत.